कुंचीतली खसखस

फुलेवाडी, कोल्हापूर
मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळ

क्रांतीस,

तुझ्याशी जन्मात बोलणार नाही, असं तू माझ्या मनाविरुद्ध लग्न केलंस तेव्हा मी सगळ्या भावकीसमोर म्हणालो होतो. ते आजही मोडलेलं नाही. बोलणार नाही म्हणालो होतो, लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आहे, नियमात काय बसतं ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या नंबरावर पाठवतो आहे. नंबर तुझ्या आईनं फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.

कामाचं तेवढं विचारतो. आई पोचली का? पहाटेच दुबईत उतरायची होती. तिथून शारजाला तुझ्या घरी यायला असा कितीसा वेळ लागतो? तिचा फोन बंद आहे. विमानात बंद कर म्हणून सांगितलं होतं, तो परत चालू करायचं राहिलं असेल. तिला चाकाची खुर्ची सांगितली होती, ढकलणारा माणूस आयता सोबत मिळतो म्हणून. पाय ठणठणीत असताना खुर्चीत बसायला ती तयार नव्हती. "माणसं म्हंतील म्हातारी लुळी हाय," म्हणाली. मीच दटावून बसायला सांगितलं. तावडे हॉटेलपाशी तिला ट्रॅव्हल्समध्ये बसवलं आणि परत आलो. मुंबईत तिच्या भाच्यानं विमानतळावर नेऊन सोडलं, इथपर्यंत मला ठाऊक आहे.

तुझे दिवस भरत आलेत. तुझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, त्या गडहिंग्लजला अंथरुणावर आहेत, म्हणजे तिकडं दुसरं बाईमाणूस नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे मलाही कळतं. तो विषय आत्ता नको.

आणखी एक, सहज विचारतो. तिथं विमानतळावर पिशव्या उघडून बघतात का? म्हणजे नुसतं वरवर बघतात, की आतलं कापडसुद्धा उलगडतात? आईनं बाळासाठी कुंची शिवली आहे, तिची घडी मोडली तर तिला वाईट वाटेल, म्हणून विचारलं. डिंकाचे लाडू आहेत, त्यात खसखस घातलेली नाही. तू फोनवर आईला ती आणू नको म्हणून सांगत होतीस तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होतो, कानावर पडलं. एवढं काय आहे त्या खसखशीत, कुणास ठाऊक.

"पोचली" एवढं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

केरबा


मंगळवार, संध्याकाळ

क्रांतीस,

दुपारी दोन निळ्या खुणा आल्या. वाचलंस, पण उत्तर नाही. मी त्या खुणांकडं बघत बसलो होतो, तेवढ्यात परदेशाचा नंबर आला. मला वाटलं तूच, म्हणून उचलला आणि गप्प राहिलो.

"मामा, मी प्रभुलिंग."

तुझा नवरा म्हटल्यावर ठेवणारच होतो. तो म्हणाला, "ठेवू नका. आत्तींचं सांगायचं हाय."

मग त्यानं सांगितलं. तुझ्या आईच्या पिशवीत खसखशीची पुडी सापडली आणि तिला विमानतळावरच थांबवून घेतलंय. मी म्हणालो, "खसखस? रश्श्यात घालायची खसखस?" एवढ्या मोठ्यानं म्हणालो की शेजारची तानाबाई दारात आली. तो म्हणाला, ते अफूच्या बोंडातलं बी आहे, इथं ते अमली पदार्थात धरतात, चिमूटभर असलं तरी. आपल्याकडं वाण्याकडं मिळतं हे त्यांना सांगून उपयोग नाही. "आत्ती बऱ्या हायत, चहा दिलाय, हिंदी बोलणारा माणूस दिलाय. मी वकील बघतोय, तुम्ही घाबरू नका." हे तो तीनदा म्हणाला.

हा कसला कायदा? दुपारपासून मी मोबाईलवर हेच वाचत बसलोय. कुठं च्युइंगम घेऊन जायचं नाही. कुठं मिलिटरीच्या रंगाची चड्डी घातली तरी गुन्हा. कुठं राजाचं चित्र असलेली नोट वाऱ्यानं उडाली म्हणून पायानं दाबून धरलीत तर आत टाकतात. जपानात म्हणे सर्दीच्या काही गोळ्या चालत नाहीत. माणसानं शिंकावं की नाही, तेही विचारून घ्यावं लागेल. असं वाचत गेलो की थोडा वेळ राग येतो, आणि राग आला की भीती कमी वाटते. मग पुन्हा भीती वाटते.

आणि तू. नुसतं "आणू नको" म्हणून भागतं का? का आणायचं नाही, धरतात की सोडतात, हे फोड करून सांगायला नको होतं? तू शाळेत असल्यापासून तशीच. अर्धं सांगायचं आणि समोरच्यानं ओळखायचं.

हे लिहिलं आणि थांबलो. गाडीत ड्रायव्हरच्या मागं पाटी असायची, ज्वालाग्राही पदार्थ नेऊ नयेत. राधानगरीच्या गाडीला रॉकेलचे डबे घेऊन बाया चढायच्या. मी कधी कुणाला का ते सांगितलं नाही. नियम आहे, उतरा, एवढंच म्हणायचो.

आज मंगळवार, तिचा उपवास आहे. तिथं तिनं काय खाल्लं असेल? बीपीची गोळी ती रात्री जेवणावर घेते. डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्या त्याच पिशवीत आहेत आणि पिशवी त्यांच्याकडं आहे. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गोळीचं आधी बघ, वकिलाचं मग.

केरबा


बुधवार, ५ नोव्हेंबर

क्रांती,

रात्रभर डोळा लागला नाही. काल दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत मूळ गोष्ट सोडून सगळं लिहिलं.

खसखस मी घातली. तुझ्या आईला ठाऊक नाही.

शनिवारी ती ब्लाऊज आणायला शिंप्याकडं गेली होती. मी लक्ष्मीपुरीत जाऊन खसखस घेऊन आलो. निवडली, खडे काढले, तव्यावर भाजली. भाजताना हात सारखा हलवत ठेवावा लागतो, नाहीतर करपते. गार करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, रबर दोनदा गुंडाळलं आणि कुंचीच्या टोपऱ्यात सरकवून घडी होती तशी घातली. ती यायच्या आत तवा घासून ठेवला. साठी उलटलेला माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होतो, माझं मलाच हसू येत होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तू "आणू नको" म्हणालीस ते मी ऐकलं होतं. ऐकलं म्हणूनच राग आला. वाटलं, पोरीला सासरचं वारं लागलं, आता माहेरचं खसखस-खोबरंही चालेना झालं. असा कायदा असेल हे डोक्यातच आलं नाही. तुझ्या वेळेला माझी आई तुझ्या आईला रोज खसखशीची खीर द्यायची. बाळंतिणीला झोप लागली तर अंगावर दूध येतं, म्हणायची. तुझी आई ती खीर पिऊन झोपायची आणि मी तुला घेऊन ओसरीत फेऱ्या मारायचो. तेवढंच मला बाळंतपणातलं माहीत आहे.

त्या पिशवीत लाडू आईचे होते, कुंची आईची होती, दुपटी आईची होती. माझ्या हातचं काहीच नव्हतं. तू कुंची उलगडली असतीस, पुडी हाताला लागली असती. तू विचारलं असतंस, "हे गं कुणी घातलं?" आई म्हणाली असती, "मी न्हाय बाई." मग तुला कळलं असतं. मला तोंडानं काही बोलावं लागलं नसतं. एवढाच माझा डाव होता.

आता हे पत्र वकिलाला दाखवा. माझं पूर्ण नाव, पत्ता, सेवानिवृत्त वाहक, सगळं तिथल्या साहेबाला लिहून द्या. बाईचा दोष नाही, तिला सोडा आणि मला बोलवा. पासपोर्ट आहे माझा. तुझ्या आईनं मी नको नको म्हणत असताना दोघांचे एकदमच काढून घेतले होते. सांगाल त्या दिवशी येऊन उभा राहतो.

तुला राग येणार हे धरून चाललोय. राग कर, पण पोटातल्या जिवाला सांभाळून कर.

आबा


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

क्रांती,

तुझं काहीच उत्तर नाही, पण प्रभुलिंगचा फोन आला. त्यानं तुझ्या आईला भेटून आल्याचं सांगितलं. गोळी सुरू आहे, हे ऐकून आधी खाली बसलो.

मग त्यानं पुढचं सांगितलं आणि मला काही समजेना. तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बाई, ही पिशवी कुणी भरली? ती म्हणाली, मीच. दुसऱ्या कुणी काही ठेवायला दिलं का? न्हाय. पुन्हा विचारलं, पुन्हा न्हाय. मग विचारलं, हे आणायचं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का? आणि ही बया म्हणाली, "व्हय. लेकीनं सांगितलं हुतं."

वकिलानं कपाळाला हात लावला म्हणे. ठाऊक नव्हतं म्हणाली असती तर गोष्ट तिथंच हलकी झाली असती. वयस्क बाई, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली, कुणालाही पटलं असतं.

माझा अंदाज असा की पुडी बाहेर काढल्यावर ते दुहेरी रबर बघूनच तिनं ओळखलं. पुडी बांधायची माझी पद्धत तिच्याशिवाय कुणाला ठाऊक? म्हणून तिनं माझं नाव घेतलं नाही. एवढं कळतं. पण माझ्यासाठी खोटं बोलायचं आणि स्वतःच्या बाबतीत खरं बोलायचं, हा कुठला न्याय?

मी प्रभुलिंगला म्हणालो, माझं पत्र दे साहेबाला. तो म्हणाला, "वकील नको म्हणतात मामा. आता तुम्ही वेगळं सांगितलं तर आत्ती खोट्या पडतील आणि प्रकरण वाढंल." म्हणजे मी गुन्हा कबूल करायला तयार आहे आणि तो कुणी घेईना. माझ्या जागी ती तिथं बसली आहे आणि मी इथं स्वतःच्या घरात पंखा लावून बसलोय.

तिला निरोप दे. म्हणावं, खोटं बोल. पुन्हा विचारलं तर "म्हाईत न्हवतं" म्हण. हे मी लिहितोय. गाडीत माणसं मला हेच सांगायची, "मास्तर, म्हाईत न्हवतं वं," आणि मी त्यांच्याकडं बघायचोसुद्धा नाही, पुढच्या सीटवर जायचो. आता तोच शब्द कुणीतरी ऐकून घ्यावा म्हणून अंबाबाईला हात जोडतोय.

तानाबाई भाकरी आणून देते. "पोचली न्हवं बाळाबाई? लेक काय म्हंत्या?" विचारते. मी म्हणतो, पोचली, बरं आहे. भाकरी तशीच पडून राहते. गेटचा आवाज झाला की उठून खिडकीतून बघतो. कोल्हापूरची बाई अफू घेऊन पकडली, असं मोबाईलवर फिरायला किती वेळ लागतो? लोकांचं सोड, मला आता लोकांचं काही वाटत नाही. चार वर्षं लोकांसाठीच गप्प बसलो होतो, त्यातला एक तरी तिला सोडवायला येणार आहे का?

तुझ्या डॉक्टरनं काय तारीख दिली आहे? कुणीतरी मला सांगा रे.

आबा


बुधवार, १२ नोव्हेंबर

क्रांती,

तुझी आई घरी आली.

तुला सगळं जावयांकडून कळलं असेलच, तरी मी लिहितो. खटला भरला नाही. वय, पहिलीच वेळ आणि थोडकी पुडी बघून साहेबानं सोडलं. पण व्हिसा रद्द केला आणि विमानतळावरूनच परत धाडली. आता पुन्हा तिकडं जाता येणार नाही, निदान एवढ्यात तरी नाही. लाडू, हळीव, चटणी, खायचं म्हणून जे जे होतं ते सगळं टाकून दिलं. एवढ्या लांब जाऊन तिनं तुझं तोंडसुद्धा बघितलं नाही. तुझ्या दारापासून तासाभराच्या वाटेवर ती बसली होती आणि तुला तिकडं जायचं नाही म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं. हे सगळं माझ्या मूठभर खसखशीनं केलं. माफ कर असं लिहायला घेतो आणि लाज वाटते, कारण ते फार स्वस्त वाटतं. तरी लिहितो. मला माफ कर.

ती घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, पुडी मी घातली होती. ती चहा ओतत होती, हात थांबला नाही.

"म्हाईत हाय की," म्हणाली.

"साहेबानं पुडी काढली तवा कळलं न्हवं तुला?"

"शिंप्याकडनं आले तवाच कळलं. घरभर भाजल्याला वास सुटलाता. तवा घासून ठेवलासा, चाळीस वर्षांत कधी घासलाता? रातच्याला तुम्ही निजल्यावर पिशवी उघडून बघितली."

मी म्हणालो, "आणि तशीच ठेवलीस? लेकीनं नको म्हणून सांगितल्यावर?"

"कुंचीची घडी परत घातली आणि ठेवली."

तिनं कप माझ्यापुढं सरकवला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अवं, चार वर्षांत तुम्ही पोरीसाठी पयल्यांदा कायतरी बांधलंसा. म्या काढून ठेवलं असतं तर तुम्ही परत कवा बांधलं असतंसा? मला वाटलं, लई तर काय, घेतील आणि टाकून देतील. आणि न्हाईच सापडलं, तर पोरीच्या हाताला तर लागंल."

हे तुला सांगू नका म्हणाली. मी सांगतोय. साहेबापुढं ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती, हे मला आता कळलं. पुडी तिनंच नेली होती, आणि ठाऊक असून नेली होती. मी उठून परसदारी गेलो आणि खूप रडलो. एवढा रडलो की तानाबाईनं भिंतीवरून डोकावून बघितलं. बघू दे.

आता मुद्द्याचं. तुझी आई येऊ शकत नाही. तुझ्या सासूबाई उठू शकत नाहीत. तुझ्याजवळ कुणी नाही, आणि ते माझ्यामुळं. पासपोर्ट माझ्याकडं आहे आणि दंडाला अजून बळ आहे. काल जावयांशी बोललो, व्हिसाचं ते बघतो म्हणाले, पण म्हणाले, "क्रांतीला तुम्हीच विचारा." बरोबरच बोलले.

बाळंतिणीला तेल लावणारी बाई तिकडं मिळते म्हणे, ते तिच्याकडं. बाकीचं तुझी आई दोन दिवस मला शिकवते आहे. पाय लांब करून बसायचं, नडगीवर उशी आडवी घ्यायची आणि तिला अंघोळ घालायची. काल म्हणाली, "हळू. गाडीची घंटा वढताय काय?" आज उशीचं डोकं धरायला विसरलो तर हातावर चापट मारली. लापशी येते, मऊ भात येतो, भाकरी थापायची आधीपासून येते. दुपटी धुवीन. रात्री बाळ रडलं तर घेऊन फेऱ्या मारीन, ते मला जमतं, तुला घेऊन मारल्या आहेत.

येताना काय आणायचं नाही ते लिहून पाठव. खसखस सोडून आणखी काय काय असेल ते सगळं. कारण लिहू नकोस, नुसतं नाव लिही, मी ते घराबाहेरसुद्धा काढणार नाही.

आणि मीच नको असलो तर तेही तसंच लिही. त्याचंही कारण विचारणार नाही, आणि तुझ्या आईवर राग काढणार नाही.

येऊ का?

आबा